भाड्याचे हेडफोन आणि अंगणातली पार्टी

ग्रंथालयातली शनिवारची पाळी संपवून पणजीहून बस पकडायची, डिचोलीला नाहीतर फोंड्याला पोचायचे, तोवर आठ वाजतात. मित्रमंडळी जमायला नऊ. दहाला स्पीकर बंद. हुर्राकाच्या (काजूच्या बोंडांच्या हलक्या दारूच्या) दिवसांत, म्हणजे ऐन एप्रिल-मेमध्ये, आठवड्याचा नाच एका तासात कोंबायचा असा हा हिशेब आहे. त्यावर तोडगा म्हणजे भाड्याचे बिनतारी हेडफोन: स्पीकर लावायचाच नाही, प्रत्येकाने आपल्या कानातल्या गाण्यावर नाचायचे. काणकोणच्या पाळोळे किनाऱ्यावर हेडफोनच्या पार्ट्या बरीच वर्षे चालत आल्या आहेत. तोच प्रकार पेटीत भरून आपल्या अंगणात आणता येतो. हा आढावा त्या पेटीचा आणि ती भाड्याने देणाऱ्यांच्या सेवेचा.

निकाल आधीच सांगून टाकतो. पंचवीस ते साठ माणसे असतील तर जरूर घ्या. पंधरा जणांसाठी घेऊ नका. त्यांना गप्पाच मारायच्या असतात आणि हेडफोन खुर्च्यांच्या पाठीवर लटकत राहतात. आवाजाचा दर्जा नाचापुरता चांगला, कान लावून ऐकण्यापुरता साधारण. सेवा मात्र पेटी पोचवण्यापुरतीच असते, पुढचे सगळे तुमच्या गळ्यात. आणि पार्टी फसते ती आवाजामुळे क्वचितच, फसते देवघेवीमुळे. वाचनालयाच्या काउंटरवर बसणाऱ्याला हे नव्याने सांगायला नको. पुस्तक द्यायला दहा सेकंद, परत मिळवायला महिना.

आधी स्पीकरच का नको, ते पाहू. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. त्यांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतचे शांतता क्षेत्र असेल तर ५० आणि ४०. खाजगी जागेच्या हद्दीवर या आकड्यांपेक्षा फार तर ५ डेसिबल जास्त चालतात. साधे बोलणे हातभर अंतरावर साठाच्या आसपास असते, म्हणजे रात्रीच्या मर्यादेत स्पीकर बसवणे जवळजवळ अशक्यच. त्यातून घराला लागून शेत असेल तर आणखी पंचाईत. रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड झाली की आवाज वर निघून जाण्याऐवजी खाली वळतो, आणि शेतापलीकडच्या वाड्यावर ढोलाचा ठोका स्वच्छ ऐकू जातो. पलीकडचा माणूस उगाच तक्रारखोर नसतो. चुगली हवाच करते.

आता पेटीत काय असते. तीन प्रक्षेपक, म्हणजे ट्रान्समीटर. प्रत्येकाचा एक चॅनेल, एक रंग. बहुतेक संचांत लाल, हिरवा, निळा. हेडफोनवर चॅनेल बदलायचे बटण, आवाजाचे चाक आणि कानाबाहेर लागणारा रंगीत दिवा. हे ब्लूटूथ नव्हे. ब्लूटूथमध्ये एकेक हेडफोन जोडत बसावे लागते, आवाज किंचित उशिरा पोचतो आणि तो उशीरही प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे चाळीस जणांचे पाय चाळीस तालांत पडतात. इथे रेडिओसारखे आहे: एकाने वाजवायचे, कितीही जणांनी ऐकायचे.

भाड्याने घेताना पहिला प्रश्न फ्रिक्वेन्सीचा विचारा. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याविना खुला आहे. अमेरिकेच्या बाजारासाठी बनवलेले ९१५ च्या आसपासचे संच इथल्या मोबाइलच्या पट्ट्याला खेटतात. कानात खरखर आली आणि कोणाचा तरी फोन जवळच होता, तर कारण बहुधा हेच. देणाऱ्याला उत्तर माहीत नसेल तर प्रक्षेपकाच्या मागे छापलेले असते, उलटा करून वाचा. दुसरा प्रश्न बॅटरीचे वय. नवी बॅटरी आठ-दहा तास सहज चालते, तीन हंगाम वापरलेली चारच तासांत मान टाकते, आणि पार्टी नेमकी तेव्हाच रंगात आलेली असते. तिसरा प्रश्न हरवल्याचा दंड. भाड्याचा दर हेडफोनमागे रात्रीच्या हिशेबाने सांगतात आणि तो ऐकायला हलका वाटतो, पण एक हेडफोन हरवला तर भरायची रक्कम त्याच्या कितीतरी पट असते. ती लेखी घ्या. तोंडी आकडा सोमवारी बदलतो.

माणसे चाळीस असतील तर हेडफोन चव्वेचाळीस मागवा. चार-दोन हमखास मुके निघतात. ताब्यात घेताना तिन्ही प्रक्षेपक चालू करून प्रत्येक हेडफोन तिन्ही रंगांवर, डावा-उजवा कान वेगळा ऐकून, चाक फिरवून तपासायचा. दोघे बसले तर अर्ध्या तासाचे काम आहे. चाक फिरवताना कर्रकर्र वाजले तर समजा, मागच्या गिऱ्हाईकाच्या हुर्राक-लिम्क्याने ते चिकटले आहे. चार्जिंगची टोके हिरवट दिसली तर खाऱ्या हवेने गंजली आहेत. असा हेडफोन पेटीत रात्रभर ठेवूनही रिकामाच राहतो. घडीच्या बिजागरीत वाळू असेल तर बाजूला काढा, ती तुमच्या हातात मोडेल आणि दंड तुमच्या नावावर पडेल. पेट्या दोन असतात आणि जड असतात, स्कूटरवर जमत नाही.

जोडणी सोपी आहे, चुका मात्र ठरलेल्या. प्रत्येक प्रक्षेपकाला एक फोन नाहीतर लॅपटॉप. केबल ३.५ मिलिमीटरची, आजकालच्या बऱ्याच फोनना ते भोकच नसते, म्हणून टाइप-सीचे दोन जोड जवळ ठेवा, एक हमखास बिघडतो. फोनचा आवाज पूर्ण न ठेवता ऐंशी टक्क्यांपर्यंत ठेवायचा. पूर्ण ठेवला तर प्रक्षेपकाच्या तोंडाशीच आवाज फाटतो, आणि ते फाटणे हेडफोनचे चाक कमी करून जात नाही. फार कमी ठेवला तर लोक चाक वाढवतात आणि गाण्याबरोबर सूंऽऽ असा आवाजही वाढतो. फोन फ्लाइट मोडवर हवाच, नाहीतर मावशीच्या शुभरात्रीच्या मेसेजची टिंग चाळीस कानांत वाजते. अर्थात मग गाणी आधीच उतरवून ठेवली पाहिजेत. सत्तरी-पेडण्याच्या आतल्या गावांत नेटच्या भरवशावर राहण्यात तसाही अर्थ नाही. लॅपटॉप लावल्यावर हम्म असा घुमणारा आवाज आला तर चार्जर काढून बघा. गेला, म्हणजे दोष अर्थिंगचा. बॅटरीवर चालवा किंवा ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मध्ये लावा.

प्रक्षेपक कुठे ठेवता यावर अर्धी पार्टी अवलंबून आहे. जमिनीवर किंवा जेवणाच्या टेबलाखाली ठेवू नका, कारण माणसांची शरीरे हे सिग्नल गिळतात. नाचणारे दाटीने उभे राहिले की मागच्यांना तुटक ऐकू येते. माणसाच्या डोक्याच्या वर, निदान दोन मीटर उंचीवर, अँटेना उभी करून ठेवा. बलकांवाच्या, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्याच्या, खांबाजवळची उंच फळी ही उत्तम जागा. तिन्ही प्रक्षेपक एकमेकांना चिकटवू नका, मध्ये मीटरभर अंतर सोडा, नाहीतर एका रंगाचे गाणे दुसऱ्यात कुजबुजते. जाहिरातीत पाचशे मीटरचा पल्ला लिहिलेला असतो, तो मोकळ्या मैदानातला. जुन्या घराच्या हातभर जाड चिऱ्याच्या भिंतीआड तो किती उरतो, ते हेडफोन कानाला लावून स्वयंपाकघरापर्यंत चालत जाऊन पाहा. पावसाळ्यासाठी अंगणात पत्रे घातले असतील तर त्याहून सावध राहा. पत्र्यावरून लहरी उलटतात आणि दोन पावले सरकले की आवाज जातो, परत दोन पावलांवर येतो. अशा वेळी प्रक्षेपक पत्र्याच्या खालीच, नाचाच्या बाजूलाच हवा.

मेमधली वीज गृहीत धरू नये. प्रक्षेपक फार वीज खात नाहीत. ५ व्होल्टचे असतील तर साध्या पॉवर बँकेवर रात्र काढतात, १२ व्होल्टचे असतील तर घरच्या इन्व्हर्टरवर. दिवे गेल्यावर अंधारात लाल-हिरवे-निळे कान तेवढे नाचताना दिसतात, आणि खरे सांगायचे तर पार्टीतला तोच सगळ्यात देखणा भाग असतो.

आता देवघेव. प्रत्येक हेडफोनवर आत आणि बाहेर क्रमांक चिकटवा. देणाऱ्याचा क्रमांक असला तरी आपला वेगळा, १ ते ४४. हा त्याचा दाखल क्रमांक. फाटकाजवळ एक टेबल, एक वही: क्रमांक, नाव, मोबाइल, दिल्याची खूण, परतीची खूण. अनामत म्हणून गाडीची किल्ली ठेवून घेतली तर दोन कामे एकदम होतात. हेडफोन परत मिळतो, आणि हुर्राक घेतलेला माणूस स्कूटरला हात घालण्याआधी टेबलासमोर उभा राहतो. हुर्राक गोड लागतो म्हणून त्याला सरबत समजू नये. गोव्यात दारूसाठी वयाची अट २१ आहे, ती वहीच्याच टेबलावर पाळली जाते. अदलाबदल करू द्यायची नाही. “तुझे दे, माझ्यातून नीट ऐकू येत नाही” इथून हिशेबाचा घोळ सुरू होतो. बिघडलेला हेडफोन टेबलावरच बदलून मिळेल, नवा क्रमांक वहीत चढेल. टेबलावर बसायची पाळी दर पाऊण तासाने बदला, एकालाच रात्रभर बसवून ठेवू नका.

तीन चॅनेलवर काय वाजवायचे? सगळीकडे तेच ते वाजवले तर संचाचे पैसे वाया. एकावर ट्रान्स किंवा टेक्नो, दुसऱ्यावर हिंदी-मराठी नाचाची गाणी, तिसरा मात्र मोठ्यांसाठी राखून ठेवावा: मांडो ही गोव्याची संथ गाणी आणि त्यामागून येणारे चढ्या लयीचे दुलपद, नाट्यगीते, जुनी कोंकणी कांतारां. बलकांवात बसलेली आजी तिसऱ्या रंगावर मान डोलवते आणि अंगणात नातू मिनिटाला १४० ठोक्यांवर उड्या मारतो, दोघांचे एकमेकांवाचून अडत नाही. रंगांचा दुसरा फायदा असा की कोणाची गाणी चालतात आणि कोणाची नाहीत ते लपत नाही. अंगण हिरवे होत चालले की लालवाल्याने गाणे बदलावे.

दोष दोन मोठे. पहिला: कान झाकलेला माणूस आपण किती मोठ्याने गातो ते ऐकत नाही. बाहेरच्याला संगीत नसलेल्या अंगणातून तीसेक जणांचे बेसूर किंचाळणे आणि पायांची धपधप ऐकू येते. नियमाच्या दृष्टीने ध्वनिक्षेपक नसला तरी शेजारी आहेच. त्यामुळे नाच अंगणात, मातीवर किंवा फरशीवर. जुन्या घराच्या माडीच्या लाकडी तक्तपोशीवर नको. आणि शेजाऱ्यालाही दोन हेडफोन द्या.

दुसरा दोष सुरक्षिततेचा आहे. फाटकातून मागे येणारी गाडी ऐकू येत नाही, हाक ऐकू येत नाही, कठडा बुटका असलेली बांय (विहीर) अंधारात दिसत नाही. फाटक बंद, गाड्या बाहेर, बांयीभोवती दोरी आणि दिवा. सगळ्यांना काही सांगायचे असेल तर ओरडू नका, तिन्ही केबली उपसा. शांतता झाली की माना आपोआप वळतात.

कानांचेही पाहा. ८५ डेसिबलला आठ तास ही साधारण मर्यादा मानतात, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. कानाच्या वाटीत नेमके किती आहे ते फोनवरच्या अ‍ॅपने कळत नाही. चाकाच्या निम्म्यावर रंगाचा ठिपका लावून ठेवणे हा सोपा उपाय. बरेच लोक त्यापुढे जात नाहीत. लहान मुलांच्या हेडफोनवर चाक कमी ठेवून चिकटपट्टी लावा.

घाम हा गोव्यातला वेगळा विषय. कानाच्या गाद्या नकली चामड्याच्या असतात, मेच्या दमटपणात तासाभरात चिंब होतात आणि हंगाम संपेपर्यंत सालपटे सोडतात. एकदाच वापरायची कापडी आवरणे मागून घ्या, माणशी दोन; देणारे बहुधा एकच देतात. परत करण्याआधी ओल्या फडक्याने पुसून वाऱ्यावर सुकवा. स्पिरिटने घासलेली गादी लवकर तडकते.

मोजणी रात्रीच करा, सकाळी नाही, आणि हेडफोन बंद करण्याआधी करा. वहीत दोन कमी भरले तर अंगणातले दिवे घालवा. माडाच्या बुंध्याशी, केळीच्या आळ्यात, कोणाच्या तरी गाडीच्या काचेआड लाल-निळा ठिपका दिसतो. मुकाट बंद पडलेल्यांसाठी वही आहे, मोबाइल नंबर आहे. परत देताना देणाऱ्याच्या माणसासमोर चव्वेचाळीस मोजून त्याची सही घ्या, आधीच मुके असलेल्यांचे क्रमांक त्याच कागदावर लिहून.