टेबलावर जुनी .२२: बीएसए मार्टिनी की आन्शुट्झ १४११?

गेल्या पावसाळ्यापासून दोघा-तिघांनी मला हेच विचारलं. बेंचरेस्टसाठी, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून नेम मारायच्या खेळासाठी, जुनी टार्गेट रायफल घ्यायची आहे, पुण्या-मुंबईच्या जुन्या नेमबाजांकडे ब्रिटिश बीएसए कंपनीची मार्टिनी इंटरनॅशनलही आहे आणि जर्मन आन्शुट्झची १४११ही, तर कुठली घ्यावी? माझ्याकडे दोन्ही होत्या. घरात वडिलांची बारा बोअर आधीपासूनच आहे. २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि साध्या परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवायची मुभा उरली. वडिलांची बंदूक सोडायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे या दोघींपैकी एक जाणार होती.

विंचेस्टर ५२ किंवा रेमिंग्टन ३७ या अमेरिकन टार्गेट रायफली इथे विकायला आलेली मी पाहिलेली नाही, त्यामुळे त्या बाजूला ठेवतो.

स्पर्धेत रायफलींचे वजनावरून वर्ग पडतात, ते आधी उरकू. आम्ही फोंड्याकडचे मोजके लोक आपापसांत खेळतो, पण नियम बेंचरेस्टच्या जागतिक फेडरेशनचेच लावतो. स्पोर्टर वर्गात जास्तीत जास्त ३.८५५ किलो आणि साडेसहा पटींची दुर्बीण, लाइट वर्मिंटला ४.७६२ किलो, हेवीला ६.८०३ किलो. वजन दुर्बिणीसकट धरतात, हे जुनी रायफल घेताना बरेच जण विसरतात. प्रवासाची बॅग मोजायच्या काट्याला मी दोन्ही टांगून पाहिल्या. मार्टिनी साडेपाच किलोच्या थोडी वर, १४११ सहाच्या आत. दोन्ही हेवीतच गेल्या. वर्गाने निवड सोपी केली नाही. मात्र आन्शुट्झचीच १४१३ कुणी स्वस्तात देत असेल तर आधी वजन करा; ती मुळातच इतकी जड असते की दुर्बीण चढवल्यावर हेवीतही बसेलच असं नाही.

मार्टिनीबद्दल मला मनापासून प्रेम आहे. बर्मिंगहॅमचं ते काम हातात घेतल्यावरच कळतं. ट्रिगर दाबला आणि गोळी गेली, मध्ये काही घडलंच नाही असं वाटतं. एक पिन काढली की आतला सगळा संच हातात येतो. आपल्या हवेत, जूनपासून चतुर्थीपर्यंत लोखंडाला रोज पुसावं लागतं, तेव्हा ही सोय फार मोलाची. निवडणुकीच्या वेळी हत्यार जमा करावं लागलं आणि परत मिळालं तेव्हा पुंगळी बसते त्या भागावर तांबूस ठिपके होते. संच खाली काढून तेल दिलं, अर्ध्या तासात साफ.

पण काडतूस भरायला-काढायला ओढायची तिची लिव्हर खाली उघडते. झोपून मारणाऱ्याला त्याचं काहीच नाही, ती रायफल घडलीच त्या माणसासाठी. टेबलावर मात्र पुढे स्टँड, मागे वाळूची पिशवी, आणि लिव्हर खाली ओढली की तिचं टोक टेबलाच्या फळीवर टेकायचं. पुरती उघडत नाही तोवर पुंगळी बाहेर पडत नाही. मग दस्ता उचला, लिव्हर झटका, काडतूस खोबणीत ठेवून अंगठ्याने आत सरकवा, लिव्हर मिटा, दस्ता पुन्हा पिशवीत बसवा. दुर्बिणीत पाहावं तर फुली शेजारच्या टार्गेटवर. एका कार्डावर पंचवीस टार्गेट, प्रत्येकाला एक गोळी, शिवाय चाचणीच्या, आणि वेळ वीस मिनिटं. म्हणजे हे सगळं निदान पंचवीस वेळा.

मी बोरीच्या सुताराकडून फणसाच्या लाकडाचे दोन ठोकळे करून घेतले, चार बोटं उंच. एक स्टँडखाली, एक पिशवीखाली. लिव्हर मोकळी झाली, पण मान वर करून बसावं लागे आणि उंच झालेला स्टँड वाऱ्याच्या दिवशी मला डळमळीत वाटे. खरंच डळमळायचा की माझ्या मनात तसं बसलं होतं, सांगता येणार नाही. कार्डावर दहाव्या-बाराव्या गोळीनंतर दहाऐवजी आठ गुण दिसायला लागत, एवढं खरं. शिवाय तिचा दस्ता दोन तुकड्यांचा. पुढचं लाकूड पिशवीवर जरा मागेपुढे ठेवलं तरी गोळ्यांचा झुबका सरकतो असा माझा अनुभव आहे. दुसऱ्या मार्टिनीला कदाचित असं होत नसेल.

१४११ने पहिल्या दिवशी मला फारसं भारावलं नाही. उल्मच्या कारखान्याची शिस्तीतली रायफल, लांब एकसंध दस्ता, वरच्या बाजूला पीप साइटची, म्हणजे बारीक भोकातून पाहायच्या साइटची, खाच. त्याच खाचेवर दुर्बिणीचे माउंट सरळ बसतात. माझ्या मार्टिनीची दुर्बीण नळीवर बसवलेली होती, डोळा पुढे न्यावा लागायचा. पण खरा फरक बोल्टचा. उजव्या हाताची दोन बोटं आणि अंगठा यांनी तो उचलायचा, मागे घ्यायचा, काडतूस सरकवून मिटायचा. गाल लाकडावरून न उचलता. फुली होती तिथेच, फार तर केसभर हललेली. त्या आठवड्यात मी पहिल्यांदाच कार्ड पूर्ण करून घड्याळाकडे पाहिलं, तर साडेतीन मिनिटं हातात होती. गुण फार वाढले असं नाही. पण वारा पडायची वाट पाहायला वेळ मिळू लागला, आणि आमच्या मैदानावर अकरानंतर समुद्राकडून वारा सुटतो तेव्हा सगळं त्या वाट पाहण्यावरच असतं.

बोल्ट बाहेर काढून नळी मागूनच साफ होते, हीही मला मोठी गोष्ट वाटते. मार्टिनीची मी तोंडाकडून करायचो आणि दर वेळी सळईचा धक्का नळीच्या कडेला लागेल या धास्तीने हात आखडायचा.

तुम्ही कधी टेबलावर, कधी झोपून मारणार असाल, किंवा तुमच्या टेबलाला मध्ये खाच काढता येत असेल, तर मार्टिनीचा विचार जरूर करा. माझी पुण्याच्या एका नेमबाजाने घेतली. ते झोपूनच मारतात, आणि ती त्यांच्याकडे सुखात आहे. बघायला जाल तेव्हा आपला स्टँड आणि पिशवी बरोबर न्या, रिकामी रायफल वर ठेवा आणि लिव्हर पंचवीस वेळा उघडा-मिटा.