‘नो युवर कँडिडेट’ ॲप : उमेदवार पारखून घेण्याची सोय
गेल्या दोन निवडणुकांत मी मतदानाला गेलो नव्हतो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि प्रचारात मात्र दर वेळी तीच भाषणे कानी पडतात, याचा वीट आला होता. या वेळी बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत एक अपक्ष उमेदवार पायी आले आणि भाषण न करता, नळाला पाणी किती दिवसांनी येते एवढे विचारून त्यांनी ते वहीत टिपून घेतले. माणूस आवडला, तरी खातरजमा हवी, म्हणून निवडणूक आयोगाचे ‘नो युवर कँडिडेट’ (आपला उमेदवार जाणून घ्या) हे मोफत ॲप घेतले. नाव शोधल्यावर उमेदवारी अर्जासोबतचे नमुना २६ मधील शपथपत्र उघडले, ज्यात मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि प्रलंबित फौजदारी खटले उमेदवाराने स्वतः शपथेवर सांगितलेले असतात. (ते खरेच आहे, याची हमी ॲप देत नाही.) शपथपत्र कन्नडमध्ये होते, शेजारच्या मास्तरांनी चहा घेत घेत ते वाचून दाखवले. स्वभाव आणि कामाची तळमळ त्यात सापडत नाही, ती गल्लीतच विचारावी लागते. एरवी ‘नोटा’चे बटण दाबणाऱ्या आमच्या वहिनीही यंदा सकाळी सातलाच रांगेत होत्या.