अ‍ॅक्सेस २०१० आणि ३६५ एकाच ऑफिसात: फ्रंट-एंडचं अपडेट कसं पोचवायचं?

मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये टेबलं सर्व्हरवरच्या बॅक-एंड फाइलमध्ये आणि फॉर्म, क्वेरी, रिपोर्ट फ्रंट-एंड फाइलमध्ये, असं विभाजन तुम्ही केलेलं आहे असं धरतो. शेअर फोल्डरमधला एकच फ्रंट-एंड सगळ्यांनी उघडायचा, हा पर्याय सोडूनच द्या. फाइल खराब होते, आणि कुणी एकजण ती उघडून बसला की अपडेट टाकताच येत नाही.

खरी निवड दोन पद्धतींत आहे. पहिली म्हणजे डेस्कटॉपवरच्या आयकॉनमागे बॅच फाइल (विंडोजला ओळीने आज्ञा देणारी छोटी फाइल), जी दर वेळी सर्व्हरवरून ताजी प्रत मशीनवर कॉपी करून मगच ती उघडते. दुसरीत फ्रंट-एंड आणि बॅक-एंड दोन्हीकडे एकेक आवृत्ती क्रमांक ठेवायचा, सुरुवातीच्या फॉर्मने ते ताडून पाहायचे आणि फरक असेल तरच कॉपी करायची. दुसरी पद्धत ऐकायला नेटकी वाटते, पण उघडी असलेली फाइल स्वतःवरच नवी प्रत टाकू शकत नाही. त्यामुळे अ‍ॅक्सेस बंद करून बाहेरची बॅच फाइल चालवावीच लागते. लॅनवर पंधरा-वीस एमबीची फाइल काही सेकंदांत येते, म्हणून मी बिनदिक्कत पहिली पद्धत निवडेन. फाइल फुगत जाण्याचा त्रासही त्यात आपोआप मिटतो. फक्त वापरणाऱ्याच्या आवडीनिवडी फ्रंट-एंडमध्ये साठवू नका, पुढच्या कॉपीत त्या पुसल्या जातील. शाखा व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटच्या संथ लाइनवरून, जोडलेली असेल तर मात्र क्रमांक ताडणंच परवडतं.

पण कॉपी कशीही करा, मिश्र आवृत्त्यांचा घोळ फाइलच्या आत असतो. एक्सेलच्या लायब्ररीचा रेफरन्स (कोडमधून एक्सेल वापरण्यासाठी केलेली जोडणी) असलेली फाइल तुम्ही ३६५ मध्ये उघडून सुधारली की तो रेफरन्स १४.० वरून गुपचूप १६.० होतो. मग २०१० च्या मशीनवर ‘मिसिंग’ दिसतं, आणि एरर येते ती भलत्याच ठिकाणी: ‘डेट’ किंवा ‘लेफ्ट’सारख्या साध्या फंक्शनवर. माणूस तास न् तास चुकीच्या ओळीत शोधत बसतो. यावर उपाय दोन: सुधारणा नेहमी सर्वांत जुन्या आवृत्तीवर करा, आणि एक्सेल, आउटलुकसाठी लेट बाइंडिंग वापरा, म्हणजे रेफरन्स न जोडता ते प्रोग्रॅम कोड चालतानाच शोधू द्या. ३६५ मधला ‘लार्ज नंबर’ हा डेटा टाइप बॅक-एंडमध्ये चुकूनही घेऊ नका. घेतलात तर २०१० वाल्यांना ती फाइल उघडणारच नाही.

उरला प्रश्न एसीसीडीबी (कोड उघडा असलेली नेहमीची फाइल) की एसीसीडीई (कोड झाकलेली, फक्त चालवायची फाइल). कोड झाकायचा असेल तर एसीसीडीई हवीच. पण ३२ बिट अ‍ॅक्सेसमध्ये बनवलेली एसीसीडीई ६४ बिट अ‍ॅक्सेसमध्ये उघडत नाही, आणि ३६५ वर बनवलेली २०१० मध्ये चालत नाही. म्हणजे दर अपडेटला दोन फाइली, त्या बनवायला दोन मशीन, आणि बॅच फाइलमध्ये योग्य फाइल निवडायची तजवीज. कोड लपवणं ही खरोखरची गरज नसेल तर एसीसीडीबीच वाटा. कोडमध्ये विंडोज एपीआयची (विंडोजची स्वतःची) फंक्शनं वापरली असतील, तर त्यांच्या डिक्लेरेशनमध्ये ‘पीटीआरसेफ’ आणि ‘लाँगपीटीआर’ हे शब्द नीट घातलेत की तीच फाइल दोन्ही बिटांवर चालते.