स्प्रे हूडच्या आडून रिगमध्ये मारलेला डल्ला

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर साउदॅम्प्टन, हॅम्बल, पोर्ट्समथ या पट्ट्यात आपल्यातल्या ज्यांनी अलीकडे जुनी शिडाची बोट घेतली आहे किंवा घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. फसवणाऱ्याने एक लबाडी झाकायला दुसरी केली आणि त्या दुसरीचेही पैसे माझ्याकडूनच घेतले. ते कसं जमवलं हे कळावं म्हणून जरा तपशिलात सांगतो.

माझी बोट वेस्टर्ली सेंटॉर, २६ फुटी. १९६९ ते १९८० या काळात अशा दोन हजारांहून जास्त बोटी बनल्या. तळाला दोन कील, म्हणजे जड पाती, असल्यामुळे ओहोटीला चिखलात सरळ उभी राहते, आणि जुनी असल्यामुळे खिशाला परवडते. इथल्या सोलेंट सामुद्रधुनीत वारा एकीकडून आणि प्रवाह दुसरीकडून आला की आखूड, उभ्या लाटा उठतात आणि पाण्याचे सपकारे थेट तोंडावर बसतात. त्यासाठी केबिनच्या दारावर घडीचं कापडी छत लावतात, तो स्प्रे हूड. स्टीलच्या नळीच्या कमानी, त्यावर ॲक्रिलिक कापड, पुढे पारदर्शक पीव्हीसीच्या खिडक्या. माझा जुना हूड शिवणीत उसवला होता.

मरिनात व्हॅन घेऊन फिरणारा एक कारागीर भेटला. बोलायला गोड, दर रास्त: ‘तुमच्या मापाचा’ हूड ११०० पाउंडांत. टेप लावून मापं घेतली, वहीत आकडे लिहिले. आगाऊ रक्कम मी क्रेडिट कार्डाने दिली. ठरल्या दिवशी हूड बसला आणि दिसायलाही झकास होता.

आता बघा गंमत. त्याने काम दाखवलं ते धक्क्यावर, शीड उतरवलेलं असताना. तेव्हा बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, डोलकाठीच्या माथ्यावरून येणाऱ्या टॉपिंग लिफ्टच्या दोरीवर लटकलेला असतो, त्यामुळे तो हूडपासून छान वर दिसतो. पण शीड चढवून मेनशीट (बूम ओढून धरणारी दोरी) कसली की बूमचं मागचं टोक खाली येतं. पहिल्यांदा बाहेर काढली तेव्हा बूम हूडच्या माथ्यावर घासायला लागला, आणि नव्या कापडावर काळा पट्टा उमटला.

फोन केला तर गडी लगेच हजर. वर बघून मान हलवली. म्हणाला, ‘हूडचा दोष नाही. तुमच्या डोलकाठीला धरणाऱ्या तारा म्हाताऱ्या झाल्यात, ताणल्या गेल्यात. डोलकाठी मागे कलली म्हणून बूम खाली येतो. तशाही दहा वर्षांवरच्या तारांवर विमा कंपन्या कटकट करतात.’ यातलं शेवटचं वाक्य खरं आहे, आणि खोट्यात एक खरं मिसळलं की ते सहज गळी उतरतं. सगळ्या तारा नव्या, रिग (डोलकाठी आणि तारांची सगळी जुळणी) ताणून देणार, १४०० पाउंड. या वेळी कार्डाचं मशीन ‘बिघडलेलं’ होतं, म्हणून पैसे बँकेतून पाठवायचे.

मी ऑफिसात असताना काम झालं. संध्याकाळी पाहिलं तर तारा लखलखीत, खालचे बॉटलस्क्रू (तारा कसायचे स्क्रू) कोरे, स्प्रेडरच्या म्हणजे डोलकाठीवरच्या आडव्या दांड्यांच्या टोकांना आणि तारांच्या वरच्या टोकांना पांढरी टेप. शीड चढवलं, बूम हूडच्या बोटभर वरून फिरला. माणूस बरोबर बोलत होता असंच कुणालाही वाटेल.

कॅल्शॉटच्या पुढे वाऱ्याविरुद्ध जाताना बोट विचित्र वागायला लागली. एरवी टिलर (सुकाणूचा दांडा) सोडला की सेंटॉर सावकाश वाऱ्याकडे तोंड करते, शीड फडफडतं आणि बोट थांबते. माणूस पाण्यात पडला किंवा हातून टिलर सुटला तर हीच सवय जीव वाचवते. आता मात्र टिलर सोडला की ती वाऱ्यापासून दूर वळून पळायला लागायची. वाऱ्याआडच्या बाजूच्या तारा तर इतक्या सैल, की हाताने वीतभर हलवता येत होत्या.

दुसऱ्या यार्डातल्या रिगरला, म्हणजे डोलकाठी-तारांचं काम करणाऱ्याला, बोलावलं. त्याने मेन हॅलियार्डला, म्हणजे शीड चढवायच्या दोरीला, वजन बांधून सोडलं. गवंड्याचा ओळंबाच म्हणा ना. वजन डोलकाठीपासून किती दूर लटकतंय ते बूमच्या पातळीवर मोजलं, आणि बोट घेताना सर्व्हेयरने अहवालात लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहिलं. डोलकाठी मागे नव्हे, पुढे ओढलेली होती. पुढची तार कसायची, मागची सैल सोडायची, की डोलकाठीचा माथा पुढे जातो आणि बूमचं टोक वर उचललं जातं. सगळी करामत एवढीच. माथा दहा सेंटिमीटर पुढे गेला तर माझ्या बूमचं टोक तीनेक सेंटिमीटर वर येतं, आणि त्याला तेवढंच हवं होतं.

मग डोलकाठी उतरवली. टेप सोडल्यावर तारांच्या वरच्या टोकांचे दाबून बसवलेले टर्मिनल दिसले. त्यातल्या एकावरचा खोचा सर्व्हेयरच्या फोटोतल्या खोच्याशी तंतोतंत जुळला, आणि दुसऱ्याच्या तोंडाशी केसाएवढी चीर होती. तारेचे पीळ नखाने जरा उघडले तर आत पांढरी पावडर, वाळलेलं मेटल पॉलिश. म्हणजे तारा जुन्याच, घासून चकचकीत केलेल्या. नवं काय, तर हाताला लागतील आणि डोळ्याला दिसतील तेवढे खालचे बॉटलस्क्रू.

हूडची कमान बाहीतून सरकवली तेव्हा नळीवर बुजवलेली भोकं सापडली, तीही माझ्या बोटीशी न जुळणाऱ्या जागी. दुसऱ्या कुठल्या तरी उंच बोटीची जुनी कमान माझ्यावर ‘मापाची’ म्हणून खपवली होती. त्या शब्दामागेही हिशेब होता. घरी किंवा बोटीवर येऊन केलेला सौदा इथे एरवी चौदा दिवसांत रद्द करता येतो, पण मापाने बनवलेल्या वस्तूला ती सवलत नाही. अर्थात वर्णनाप्रमाणे माल नसेल तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने दाद मागता येतेच.

पैशाचं काय झालं ते सांगतो, कारण इथे फरक फार मोठा पडला. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ७५ नुसार १०० पाउंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंतच्या खरेदीत कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते, जरी आगाऊ रक्कमच तेवढी कार्डाने दिलेली असली तरी. रिगरचा लेखी अहवाल आणि भोकांचे फोटो जोडले, हूडचे पूर्ण पैसे परत आले. बँकेतून पाठवलेल्या १४०० ना हे कवच नाही. त्या कारागिराला चौदा दिवसांची मुदत देणारं पत्र लिहिलं, पण पाठवायचं कुठे? पावतीवर धंद्याचं नाव आणि मोबाइल नंबर, बस्स. खरं तर दुसऱ्या नावाने धंदा करणाऱ्याने पावतीवर स्वतःचं नाव आणि पत्ता द्यावा लागतो. पत्ता नसला की लहान दाव्यांच्या कोर्टाचे कागद बजावायचे कुणावर, इथे घोडं अडतं. काम देण्याआधी ही एक ओळ पावतीवर किंवा कोटेशनवर शोधा. नसेल तर त्याला तिथूनच राम राम करा.

आणि जुन्या तारा परत मागा. ‘भंगारात टाकल्या’ म्हणाला तर मानायचं नाही, सुटलेली प्रत्येक तार वेटोळं करून डेकवर ठेवायची अट आधीच लिहून घ्या. ताण मोजायलाही महागडं यंत्र लागत नाही: सैल तारेवर दोन मीटरची पट्टी वरच्या टोकाला चिकटवा, खालचं टोक मोकळं ठेवून तिथे तारेवर खूण करा आणि कसायला लागा. १९ पदरी तार एक मिलिमीटर लांबली की तुटण्याच्या भाराच्या पाच टक्के ताण आला, तीन मिलिमीटरला पंधरा. हे तो माणूस समोर असतानाच करा.

आता दुसऱ्या यार्डाने खरोखरच्या नव्या तारा घातल्यात, डोलकाठी पूर्वीच्या कलावर आणलीय आणि बोट पुन्हा वाऱ्याकडे तोंड करते. पॉलिश केलेल्या तारा पुरावा म्हणून गॅरेजमध्ये ठेवल्यात. फक्त मोबाइल नंबर छापलेली, खाली ‘रिग ॲडजस्ट केली’ एवढंच लिहिलेली पावती तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर मला कळवा. पत्ता हाती लागला की दावा लावायचा आहे, आणि तक्रारदार एकाहून जास्त असले तर ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडेही (फसव्या धंद्यांवर नजर ठेवणारं स्थानिक सरकारी खातं) बोलायला जोर येईल.