गिटारच्या सरावाला 'ब्लॅक सॅबथ': काही महिन्यांनंतरचा अनुभव

ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम (फेब्रुवारी १९७०) गिटारच्या सरावाला घेणारे बहुतेक जण आधी गिटार खाली ट्यून करतात. मेटलची सुरुवात इथून झाली म्हणतात, तेव्हा तारा सैलच असणार, असा हिशोब. पण बँडचा गिटारवादक टोनी आयोमीने अल्बमवर तारा उतरवल्या त्या १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'त. इथे साधं ई ट्यूनिंगच (सर्वांत जाड तार 'ई' स्वरात) ठेवा.

शीर्षकगीताची रिफ (पुन्हा पुन्हा येणारी सुरावट) तीन स्वरांची: जी, वरचा जी, मग सी शार्प. सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट, चौथीवर पाचवा, पाचवीवर चौथा आणि तिथून डीकडे ट्रिल (दोन स्वर झपाट्याने आलटून-पालटून). बोटांना सोपी, तरी हमखास बिघडते, कारण गेन, म्हणजे अँपवरचं आवाज फाडणारं बटण. गेन चढवला की स्वर विरतच नाही, दोन स्वरांमधली पोकळी भरून जाते आणि भीती तिथेच संपते. गेन अर्ध्याच्या खाली आणा, पिक जोरात मारा.

मूळ आवाज लेनी कंपनीच्या व्हॉल्व्ह अँपचा, त्याच्या अलीकडे डॅलस रेंजमास्टर ट्रेबल बूस्टर (तीव्र स्वर उठवणारं उपकरण). त्यात एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर. इनपुटचा कपॅसिटर लहान असल्याने बेस आधीच कापला जातो, म्हणून अँप ओरडला तरी खर्ज चिकट होत नाही. असा पेडल घेतलात तर गिटारनंतर लगेच लावा, मधे बफर (सिग्नल बळकट करणारं सर्किट) नको. जर्मेनियम उष्णतेला हळवा. एप्रिल-मेच्या दुपारी त्याचा आवाज बदलतो, पेडल बिघडला असं समजू नका. आयोमीच्या गिब्सन एसजी गिटारला पी-९० (एका कॉइलचे) पिकअप होते ('विकेड वर्ल्ड' हे गाणं रेकॉर्ड केल्यावर आधीच्या स्ट्रॅट गिटारचा पिकअप गेला म्हणून ती हातात आली). हमबकरवर (दोन कॉइलच्या पिकअपवर) तोच आवाज थोडा जाड होतो, चालतं.

आयोमी बारीक तारा लावायचा, त्याचं कारण वेगळं. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात आयोमीच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे फ्रेट दाबणारा हातच गेला म्हणायचा. मग बोटांना वितळवलेल्या प्लास्टिकची टोपणं, वर चामडं, आणि बाजारात बारीक गिटार-तारा नव्हत्या म्हणून बँजोच्या तारा. आज .००८ चा (सर्वांत बारीक तार ०.००८ इंच जाड) सेट सरळ मिळतो. पण .०१० वरून उतरलात तर मानेवरचा ताण घटतो, ती मागे झुकते आणि तारा फ्रेटवर खरखरतात. ट्रस रॉड (मानेतली सळई) जरासा सैल करा, इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही स्वर सुरात राहणं) पुन्हा लावा. जोरात दाबलंत तर स्वर चढतो, तेवढं बोट हलकं ठेवा.

मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) लावून अल्बमसोबत वाजवायचा प्रयत्न सोडून द्या. १६ ऑक्टोबर १९६९ ला लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत निर्माता रॉजर बेनने चार ट्रॅकवर एका दिवसात, जवळजवळ लाइव्हच, हे उरकलं. पाऊस, गडगडाट आणि घंटा नंतर घातल्या. लय पुढेमागे होते. पायाचा ठेका ड्रमर बिल वॉर्डच्या हाय-हॅटवर (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) धरा.

अल्बम विकत घेताना गाण्यांची यादी बघा: ब्रिटिश आवृत्तीत 'ईव्हिल वुमन', अमेरिकन आवृत्तीत तिच्या जागी 'विकेड वर्ल्ड'. पहिलं दुसऱ्या बँडचं गाणं आणि इथलं सर्वांत पडेल. सरावाला 'विकेड वर्ल्ड'च घ्या. एलपीवर 'वॉर्निंग' हे गाणं दुसऱ्या बाजूच्या शेवटी, आतल्या लहान घेराच्या खाचांत येतं. कार्ट्रिज (रेकॉर्ड प्लेयरची सुई धरणारा भाग) नीट बसवलं नसेल तर लांबलचक सोलो किरकिरतो, आणि दोष उगाच रेकॉर्डच्या प्रेसिंगला दिला जातो.