जुन्या पिकअपचे ऑइल, कूलंट, ग्रीस: विदर्भातील वापरासाठी काय घ्यावे

दीड-दोन लाख किलोमीटर चाललेली पिकअप दारात असेल, किंवा यंदाच्या कापसाच्या हंगामाआधी तशी एखादी जुनी गाडी घेण्याचा विचार असेल, तर तालुक्याच्या गावी ऑइलच्या दुकानात पहिला विषय इंजिन ऑइलचा निघतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो. पंधरा-चाळीस घ्यावे की वीस-पन्नास, साधे की सिंथेटिक, यावर दुकानदार, मिस्त्री आणि सोबत आलेला शेजारी असे तिघेही ठाम मत देतात. रेडिएटरमध्ये काय आहे, चाकाच्या हबमधले ग्रीस कोणते आहे, ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, हे मात्र तिघांपैकी कोणी विचारत नाही. इतकी वर्षे जुन्या गाड्या वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की इंजिन ऑइलमध्ये मध्यम दर्जावर समाधान मानावे आणि वाचलेला पैसा या न विचारलेल्या वस्तूंवर घालावा. पुढील तुलना डिझेलवर चालणाऱ्या, बीएस-३ (भारत स्टेज-३, धुराच्या प्रदूषणाचा जुना सरकारी निकष) किंवा त्याआधीच्या पिकअपपुरती आहे. गाडीसोबतचे पुस्तक सुदैवाने शाबूत असेल, तर अंतिम शब्द त्याचा मानावा.

इंजिन ऑइल

डब्यावर दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात आणि दुकानात त्यांची हमखास गल्लत होते. १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ही तेलाची जाडी झाली, तर एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) सीएच-४, सीआय-४ प्लस ही त्याची प्रत झाली. जाडीतला पहिला आकडा थंडीचा असतो: १५डब्ल्यू तेलाची चाचणी उणे २० अंशांवर होते आणि २०डब्ल्यू तेलाची उणे १५ अंशांवर. आपल्याकडे गोंदिया-नागपूरकडे जानेवारीच्या पहाटे पारा आठ-दहा अंशांवर उतरला की शेकोट्या पेटतात, त्यामुळे या आकड्याचा निर्णयाशी फारसा संबंध उरत नाही, आणि ५डब्ल्यूसाठी जादा पैसे मोजण्याला तर काहीच अर्थ नाही. खरा फरक दुसऱ्या आकड्यात आहे. १०० अंश तापमानाला ४० ग्रेडचे तेल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक) इतके दाट असते, तर ५० ग्रेडचे १६.३ ते २१.९.

'अकोल्याचे, चंद्रपूरचे ऊन ४५ अंशांचे, म्हणून इकडे वीस-पन्नासच पाहिजे' हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो, पण तो अर्धाच खरा आहे. इंजिनातल्या तेलाचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि गाडीवरचा बोजा यांवर अधिक ठरते. कूलिंग नीट चालू असेल, तर मे महिन्यातही ४० ग्रेडचे तेल आपले काम करते. कूलिंग बिघडलेले असेल, तर ५० ग्रेडचे तेल घालून ते दुरुस्त होत नाही.

म्हणून निवड हवामानावरून नव्हे, इंजिनाच्या प्रकृतीवरून करावी. हजार किलोमीटरला पाव-अर्धा लिटरपेक्षा कमी तेल घालावे लागत असेल, गाडी तापल्यावर रिकाम्या रेसवर ऑइलचा दिवा लुकलुकत नसेल आणि धूर निळा नसेल, तर १५डब्ल्यू-४० हेच योग्य; सकाळी सेल्फ मारल्यावर ते वरच्या भागापर्यंत लवकर पोहोचते आणि डिझेलही किंचित कमी लागते. याउलट गाडी हजार किलोमीटरला लिटरभर तेल खात असेल आणि इंजिन उघडण्याची ऐपत या हंगामात नसेल, तर २०डब्ल्यू-५० हा चालचलाऊ उपाय आहे. त्याने पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांमधून होणारी गळती काहीशी कमी होते. रिंग मात्र झिजलेल्याच राहतात, आणि जुनी गाडी विकणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते. सौदा करताना डिपस्टिकवरचे तेल बोटांवर घेऊन पाहावे आणि ते मधासारखे दाट लागले, तर असे दाट तेल का घालावे लागले, हे विचारायला संकोच करू नये. डिपस्टिकवरची पातळी न घालताच वाढत असेल आणि तेलाला डिझेलचा वास येत असेल, तर पंप किंवा नोझल गळत आहे असे समजावे. तिथे ग्रेडची चर्चाच व्यर्थ आहे.

प्रतीच्या बाबतीत सीएफ-४ ही १९९० च्या सुमाराची श्रेणी, सीएच-४ ही १९९८ ची आणि सीआय-४ ही २००२ ची. जुनी गाडी म्हणून जुनीच श्रेणी शोधण्याचे कारण नाही, कारण डिझेल तेलाच्या पुढच्या श्रेणी सहसा मागच्यांची गरज भागवतात; सीआय-४ प्लस घातल्याने सीएफ-४ साठी बनलेल्या इंजिनाचे नुकसान होत नाही, उलट काजळी अधिक चांगली पेलली जाते. अगदी नवी सीके-४ श्रेणीही चालते, पण ती डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाड्यांच्या गरजेतून घडलेली आहे आणि तिच्यासाठी जास्त किंमत देण्याचा लाभ आपल्या गाडीला मिळत नाही. एफए-४ ही मुद्दाम पातळ ठेवलेली, नव्या इंजिनांसाठीची श्रेणी मात्र जुन्या इंजिनात घालू नये.

मिनरल आणि सिंथेटिक यांत सिंथेटिक सरस आहे, यात वाद नाही. ते उष्णतेत लवकर बिघडत नाही आणि जास्त काळ टिकते. प्रश्न एवढाच आहे की, जी गाडी दर महिन्याला तेल गळवते किंवा जाळते, तिच्यात दीड-दोन पट किमतीचे तेल का ओतावे? अशा गाडीला चांगल्या कंपनीचे मिनरल १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्लस प्रतीचे, दर ५,००० ते ७,५०० किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, फिल्टरसह बदलणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. 'चार हजारांतच बदला' हा जुन्या मिस्त्रींचा आग्रह ज्या काळातला आहे, त्या काळी डिझेलमध्ये गंधक भरपूर असे. बीएस-३ डिझेलमध्ये ते दहा लाखांत ३५० भाग होते, तर १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये ते १० भागांवर आले आहे. गंधकापासून तयार होणारे आम्ल कमी झाल्याने तेलावरचा तो भार हलका झाला आहे. तेल पाचशे किलोमीटरांत काळे पडते म्हणून ते खराब झाले, असे समजणेही चूक आहे. डिझेल इंजिनातले तेल काजळी स्वतःत धरून ठेवते म्हणूनच काळे दिसते.

घरात ट्रॅक्टर आणि मोटारसायकल दोन्ही असतात, त्यामुळे उरलेला डबा पिकअपमध्ये रिकामा करण्याचा मोह होतो. ट्रॅक्टरच्या इंजिनाचे तेल प्रत आणि ग्रेड जुळत असेल तर चालते. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे आणि मोटारसायकलचे तेल मात्र चालत नाही, कारण ती दोन्ही तेले ओल्या, म्हणजे तेलात बुडून चालणाऱ्या, ब्रेक-क्लचच्या गरजेप्रमाणे बनवलेली असतात.

रेडिएटरमध्ये काय घालावे

या भागावर मी मुद्दाम जास्त थांबतो, कारण विदर्भात जुन्या पिकअपचे हेड गॅसकेट (इंजिनाच्या हेडखालचे सील) जाण्याचे मूळ अनेकदा इथे सापडते. पर्याय तीन आहेत: साधे पाणी, हिरवे जुन्या पद्धतीचे कूलंट आणि नव्या सेंद्रिय आम्लांवर आधारलेले दीर्घकाळ टिकणारे कूलंट.

साध्या पाण्याच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे, तो असा की उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकोलपेक्षा सरस असते. पण आपण 'पाणी' म्हणतो ते कोणते? अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सर्वांना माहीत आहे; तिथल्या विहिरीचे पाणी पिकालासुद्धा सोसत नाही, आणि तेच आपण रस्त्यात गाडी तापली की बादलीने रेडिएटरमध्ये ओततो. पट्ट्याबाहेरही बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातले क्षार नळ्यांच्या आतून थर धरतात, नळ्या चिंचोळ्या होतात, गाडी आणखी तापते आणि आणखी तेच पाणी ओतले जाते. एक उन्हाळा असा काढलेल्या माझ्या गाडीचे रेडिएटर उघडल्यावर निम्म्याहून अधिक नळ्यांत तार जात नव्हती. त्यानंतर मी गाडीत पाच लिटरचा आरओच्या पाण्याचा कॅन ठेवू लागलो.

कूलंटचे काम गोठण थांबवणे एवढेच असते, तर आपल्याला त्याची गरजच नव्हती. आपल्याला त्यातली गंजरोधक द्रव्ये हवी असतात, आणि उकळण्याचा बिंदू थोडा वर जातो तो फायदा वेगळा. निम्मे कूलंट आणि निम्मे पाणी हे मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळते, आणि रेडिएटरचे झाकण दाब धरत असेल, तर हा बिंदू बराच वर सरकतो. म्हणून कूलंटच्या डब्याआधी झाकणाचे रबर तपासावे, ते स्वस्तही असते. गोठणाची भीती नसलेल्या आपल्या भागात एक भाग कूलंट आणि दोन भाग शुद्ध पाणी एवढे प्रमाण पुरते. त्याहून पातळ केल्यास गंजरोधकाचे बळ उरत नाही.

हिरवे आणि दीर्घायुषी यांत जुन्या गाडीसाठी मी हिरव्याकडे झुकतो. ते दोन वर्षांत बदलावे लागते, तर दुसरे पाच वर्षे टिकते असे डब्यावर लिहिलेले असते. पण तांबे-पितळेच्या, डाख दिलेल्या जुन्या रेडिएटरला हिरव्यातली द्रव्ये अधिक मानवतात, आणि अधूनमधून गळणाऱ्या गाडीत पाच वर्षांचे आयुष्य कागदावरच राहते. अॅल्युमिनियमचे रेडिएटर बसवले असेल, तर दीर्घायुषी प्रकार घ्यावा. रंगावर विसंबू नये, कारण रंगाला कोणतेही सार्वत्रिक प्रमाण नाही, आणि दोन प्रकार एकमेकांत मिसळू नयेत. जुने कूलंट काढताना ते अंगणात सांडू देऊ नये. त्याची चव गोडसर असते, कुत्री-वासरे ते चाटतात आणि त्यातले एथिलीन ग्लायकोल विषारी असते.

कापूस घेऊन जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या जाळीत सरकी-कापसाचा तूस अडकतो. तो वाऱ्याच्या उलट दिशेने, म्हणजे इंजिनाकडून बाहेर, हलक्या पाण्याच्या धारेने काढावा, अन्यथा आत कितीही चांगले कूलंट असले तरी गाडी तापणारच.

गिअरबॉक्स आणि हौसिंग (मागचे डिफरन्शियल)

दोन्हीत 'नव्वद नंबर' घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि नव्वद हा आकडा बरोबरही असतो. फरक जीएल-४ आणि जीएल-५ या गिअर ऑइलच्या श्रेणींत असतो. मागच्या हौसिंगमधले क्राउन-पिनियन एकमेकांवर घसरत फिरतात, त्यांना तीव्र दाब सहन करणारी गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये जास्त प्रमाणात लागतात, म्हणून तिथे ८०डब्ल्यू-९० जीएल-५ घ्यावे. सतत जास्त बोजा ओढणाऱ्या आणि आवाज करू लागलेल्या हौसिंगला ८५डब्ल्यू-१४० देऊन पाहण्यास हरकत नाही. जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रोनायझर (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) रिंगा असतात. तिथे पुस्तकात जीएल-४ लिहिले असताना जीएल-५ घातल्यास दोन तोटे संभवतात: पितळ झिजू शकते, आणि तेल अति निसरडे असल्याने रिंगांची पकड उशिरा बसते. आमच्या गाडीत एका गॅरेजने दोन्हीकडे एकच डबा वापरला होता. दुसऱ्या गिअरची कुरकुर काही महिन्यांत सुरू झाली आणि जीएल-४ भरल्यावर ती बरीच निवळली. डबा घेताना 'गिअर ऑइल द्या' एवढेच न म्हणता कोठे घालायचे ते सांगावे.

पावसाळ्यात पुरातून गाडी काढली असेल, तर हौसिंगचे तेल नक्की पाहावे. गरम हौसिंग थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवेचे छिद्र) किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ दिसले, तर किलोमीटर न मोजता बदलावे.

ब्रेक ऑइल

डॉट-३ आणि डॉट-४ या ब्रेक ऑइलच्या श्रेणींच्या किमतीतला फरक एका चहा-नाश्त्याएवढा असतो, आणि तरीही डॉट-३ घेणारे भेटतात. ताज्या डॉट-३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश आणि पाणी शोषल्यावरचा १४० अंश असतो; डॉट-४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. धारणीहून सेमाडोहमार्गे परतवाड्याला, किंवा चिखलदऱ्याहून खाली, भरलेली गाडी ब्रेकवर उतरवताना हा फरक पायाखाली जाणवतो: आत वाफ झाली की पेडल स्पंजासारखे दबते. हे द्रव हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे डॉट-४ सुद्धा दोन वर्षांत बदलावे आणि अर्धवट उघडी बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नये. डॉट-३ च्या गाडीत डॉट-४ चालते. डॉट-५ हे सिलिकॉनचे असते, ते यांत मिसळत नाही. इंजिन ऑइलचा थेंबही या टाकीत गेला, तर रबरे फुगतात आणि सगळी व्हील सिलिंडरे बदलावी लागतात.

ग्रीस

पूर्वी बंडीच्या आसाला वंगण लावताना कोणी प्रकार विचारत नसे, पण पिकअपच्या हबला तो विचारावा लागतो. साधे कॅल्शियमचे चॅसिस ग्रीस पाण्याला टिकते, परंतु शंभर अंशांच्या आसपास ते वितळू लागते. स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिना आणि शॅकल यांना ते पुरेसे आहे. हबच्या बेअरिंगला ब्रेकची उष्णता पोहोचते, तिथे लिथियमचे एपी-३ ग्रीस घ्यावे, जे साधारण १८० अंशांपर्यंत वितळत नाही. डिस्क ब्रेक असलेल्या, घाटात चालणाऱ्या गाडीला लिथियम कॉम्प्लेक्स अधिक चांगले. कोणतेही नवे ग्रीस भरण्याआधी जुने रॉकेल किंवा डिझेलने पूर्ण धुऊन, बेअरिंग कोरडे करून घ्यावे. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला (सांध्याला) ग्रीस भरण्याचे निप्पल असतील, तर दर महिन्याला आणि पुराच्या पाण्यातून आल्यावर लगेच, जुने ग्रीस चारही बाजूंनी बाहेर येईपर्यंत पंप मारावा.

आजच जुनी पिकअप घेतली असेल आणि खिशात सगळे एकदम बदलण्याइतके पैसे नसतील, तर माझा क्रम ब्रेक ऑइल, मग हबचे ग्रीस, मग रेडिएटर धुऊन कूलंट, मग फिल्टरसह इंजिन ऑइल आणि शेवटी गिअर-हौसिंग असा राहील. हौसिंगचे तेल दुधाळ निघाले, तर मात्र ते ब्रेक ऑइलच्या पाठोपाठ घ्यावे.