७८०५ की एलएम३१७ : पहिला पॉवर सप्लाय कोणत्या आयसीवर बांधावा?

७८०५ आणि एलएम३१७ हे दोन्ही आउटपुटचे व्होल्टेज स्थिर ठेवणारे आयसी (रेग्युलेटर) आहेत. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेवरून स्थिर डीसी मिळवताना अर्धे काम दोन्ही पर्यायांत सारखेच असते: ट्रान्सफॉर्मरच्या मेन्सकडच्या बाजूला (प्रायमरीला) फ्यूज, मग ट्रान्सफॉर्मर, एसीचे डीसी करणारा चार १एन४००७ डायोडांचा ब्रिज आणि चढउतार भरून काढणारा एक मोठा कपॅसिटर. ट्रान्सफॉर्मर वगळून नुसत्या कपॅसिटरवर व्होल्टेज उतरवणारे सर्किट स्वस्त पडते खरे. परंतु त्याचे आउटपुट मेन्सपासून विलग नसते, त्यामुळे ज्या टेबलावर उघड्या तारांना हात लागणार तिथे ते वापरूच नये.

७८०५ पाचच व्होल्ट देतो आणि त्याला इनपुटला निदान सात व्होल्ट लागतात. ९ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरच्या व्होल्टेजचे शिखर डायोडांतली घट वजा जाता सुमारे ११.३ व्होल्ट भरते. अर्धा अँपियर ओढताना १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दोन शिखरांच्या मध्ये जवळजवळ ५ व्होल्टने उतरतो, म्हणजे आयसीच्या गरजेखाली जातो, आणि जोडलेल्या स्पीकरमध्ये १०० हर्ट्झची घुरघुर ऐकू येते. तिथे २२०० मायक्रोफॅरड घातला की इनपुट नऊच्या खाली उतरत नाही आणि आयसीत जेमतेम अडीच-पावणेतीन वॅट उष्णता होते, जी लहानसा हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा) सहज पेलतो.

एलएम३१७ दोन रेझिस्टरांच्या गुणोत्तरावर १.२५ व्होल्टपासून वरचे हवे ते व्होल्टेज देतो. २४० आणि ७२० ओहम घेतले की बरोबर पाच. मात्र त्याच्याकडून १२ व्होल्टही हवे असतील तर ट्रान्सफॉर्मर १५ व्होल्टचा घ्यावा लागतो, आणि मग त्याच सप्लायवर पाच व्होल्ट, अर्धा अँपियर चालवताना सुमारे सात वॅट निव्वळ उष्णतेत जातात. मोठ्या हीटसिंकवाचून आयसीला बोट लावून पाहू नये. त्याची धातूची पट्टी आउटपुटला जोडलेली असते (७८०५ची ग्राउंडला), म्हणून धातूच्या डब्यावर बसवताना मध्ये अभ्रकाचा तुकडा लागतो. पायांचा क्रमही निराळा असल्याने एकाच्या जागी दुसरा ठोकता येत नाही.

निरनिराळी सर्किटे तपासणाऱ्याने एलएम३१७ जरूर घ्यावा. फक्त पाच व्होल्टचे बोर्ड चालवणाऱ्याला माझ्या मते ७८०५ पुरेसा आहे. कारण व्होल्टेज बदलता यावे म्हणून दुसऱ्या रेझिस्टरच्या जागी पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावला, तर जुन्या पॉटचा सरकता संपर्क क्षणभर सुटला तरी एलएम३१७चे आउटपुट थेट वर उसळते आणि बोर्ड जळतो. तरीही तोच वापरायचा असेल, तर पॉटऐवजी ७२० ओहमचा पक्का रेझिस्टर सोल्डर करावा.